ट्रोलिंग मोटरचा जोर कुठे जातो?

होडीच्या नाळेवर किंवा पिछाडीला लावलेली विजेची छोटी मोटर, म्हणजे ट्रोलिंग मोटर, दमायला लागली की पहिला संशय मोटरवरच जातो. ती उतरवून शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली जाते. तो तिला टेबलावर जाड, आखूड तारांनी चांगल्या बॅटरीला जोडतो आणि ती छान घुमते. ‘हिला काहीच झालेलं नाही,’ असं सांगून तो परत देतो. तो खरंच बोलत असतो, पण पुढच्या रविवारी धरणाच्या मध्यावर पुन्हा तीच तक्रार उभी राहते. कारण मोटर नेली, पण बॅटरीपासून मोटरपर्यंतची वाट होडीतच राहिली. ही वाट कशी तपासायची हे होडी वापरणाऱ्या प्रत्येकाला यायला हवं. साधा मल्टिमीटर आणि एक सोबती एवढं पुरतं.

या वाटेला इतकं महत्त्व का, हे आधी समजून घेऊ. १९३४ साली अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात, फार्गो इथे ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या मॉडेल-ए गाडीचा स्टार्टर काढून त्याला लवचिक दांडा आणि पंखा जोडला. आजची मिन कोटा कंपनी तिथून सुरू झाली. स्टार्टरचा स्वभाव या मोटरींमध्ये अजून टिकून आहे: व्होल्ट थोडे, अँपिअर भरपूर. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर ओढते, म्हणजे ६०० वॅट. घरातला ६०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर अडीच-पावणेतीन अँपिअरमध्ये भागवतो. मिक्सरच्या प्लगमध्ये ०.०२ ओहमचा अडथळा असला तर आयुष्यभर कळणार नाही. तोच अडथळा बॅटरीच्या टर्मिनलवरच्या गंजलेल्या नटाखाली असला, तर ५० अँपिअरला पूर्ण एक व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि ५० वॅट उष्णता त्या एका सांध्यात तयार होते. प्लास्टिक वितळतं, ते यामुळे.

एक व्होल्ट गेला तर काय बिघडलं, असं वाटू शकतं. बाराच्या मानाने तो आठ टक्क्यांहून जास्त आहे. पंख्याचे फेरे साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात घटतात, पण पाण्याला मिळणारा रेटा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फेरे दहा टक्के कमी झाले की रेटा जवळजवळ एक पंचमांश कमी होतो. सकाळी शांत पाण्यात हे जाणवत नाही. दुपारी उजनीसारख्या मोकळ्या जलाशयावर समोरून वारा आला की होडी जागची हलत नाही आणि मग मोटरचा दोष दिसायला लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मोटर बंद ठेवून घेतलेलं मोजमाप जवळजवळ निरुपयोगी असतं. आतून सडून दोन-चार तंतूंवर लोंबकळणारी तारसुद्धा भार नसताना मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते, कारण मीटरला लागणारा प्रवाह नगण्य असतो. ‘मी सगळीकडे करंट पाहिला, बरोबर येतोय,’ असं म्हणणाऱ्याने नेमकं हेच केलेलं असतं. मोटर पूर्ण वेगात चालू असताना मोजलं, तरच वाटेतला दोष समोर येतो.

त्यासाठी होडी काठाला, पंखा नीट बुडेल इतक्या पाण्यात, पुढून-मागून दोराने पक्की बांधा. मोटर पाण्याबाहेर फिरवून ही तपासणी होत नाही: पंख्यावर भार नसल्याने प्रवाह फारच कमी येतो, आणि कोरडी चालवली तर दांड्याची सीलं तापतात. सोबत्याला मोटरपाशी बसवा, म्हणजे गरज पडताच तो ती बंद करील. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाना दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकला तर काय होतं, ते बॅटरीवाल्या कुठल्याही कारागिराला विचारा. बॅटरी पेटीत असेल तर झाकण काढून थोडी हवा खेळू द्या. चार्ज होताना शिसे-आम्लाची बॅटरी हायड्रोजन सोडते, आणि तो साठला असताना एक ठिणगी पुरते.

पहिलं मोजमाप मात्र विश्रांतीतल्या बॅटरीचंच घ्यायचं. चार्जर काढून काही तास झालेले हवेत, कारण नुकत्या चार्ज झालेल्या बॅटरीचा आकडा फुगलेला असतो. शिसे-आम्लाच्या बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या खाली गेली तर तिला आधी चार्ज करा. बाकी तपासणी नंतर. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर जास्त खरं सांगतो. सहाही कप्पे एकमेकांच्या जवळपास यायला हवेत. एका कप्प्याची घनता इतरांपेक्षा ०.०५० ने किंवा त्याहून जास्त कमी असेल तर ती बॅटरी संपली. कितीही चार्ज केली तरी भाराखाली तोच कप्पा तिला खाली ओढणार.

मग मोटर पूर्ण वेगात सुरू करा आणि मीटरची टोकं थेट टर्मिनलच्या शिशाच्या खुंटावर ठेवा, क्लॅम्पवर किंवा थिंबलवर, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर नाही. भरलेली, तब्येतीची १०० अँपिअर-तासांची बॅटरी ५० अँपिअरच्या भाराखाली साडेअकराच्या वर काही मिनिटं सहज टिकते. ती मिनिटा-दोन मिनिटांत १०.५ कडे घसरली तर तारा तपासायची घाई नको, बॅटरी बदला.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी चांगल्या बॅटऱ्या बदनाम होतात. १०० अँपिअर-तास हा आकडा बहुधा २० तासांच्या हिशेबाने छापलेला असतो, म्हणजे ५ अँपिअरने २० तास. ५० अँपिअरने ती दोन तास चालेल हा हिशेब चुकीचा आहे. वेगाने रिकामी केली की शिसे-आम्लाची बॅटरी एकूणच कमी देते. नवी असतानाही तास-सव्वा तासाच्या पुढे अपेक्षा ठेवू नका, आणि ती टिकावी असं वाटत असेल तर निम्म्यावरच थांबा. गाडीची जुनी बॅटरी लावण्याची सवय तर सोडूनच द्यावी. तिच्या पातळ प्लेटा दोन-चार सेकंद स्टार्टर फिरवण्यासाठी असतात. रोज खोलवर रिकाम्या केल्या की त्या काही महिन्यांत झडतात. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी हे खोलवर रिकामं होणं सोसते, पण ती उंच, अवजड आणि आम्लाने भरलेली असते. डुलणाऱ्या होडीत मी ती ठेवणार नाही. सीलबंद डीप-सायकल बॅटरी घ्या, खिसा परवानगी देत असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी ३० किलोच्या घरात जाते, ही त्याच्या निम्म्याहून कमी भरते.

बॅटरी टिकली, तर खरा शोध सुरू होतो. मोटर चालूच ठेवून दुसरं मोजमाप तारेच्या दुसऱ्या टोकाला, मोटरच्या प्लगपाशी घ्या. बॅटरीवर ११.९ आणि प्लगवर ११.५ असेल तर ठीक. अर्ध्या व्होल्टपर्यंतची तूट चालते. एक व्होल्टच्या वर गेली तर ती शोधून काढायची, आणि शोधायची पद्धत फार सुंदर आहे. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटावर बसवलेल्या थिंबलवर टेकवा. दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत, तेव्हा आकडा शून्याच्या आसपास हवा. ०.१ च्या वर काही दिसलं तर त्या सांध्यात वीज अडते आहे. मग थिंबल ते तार, तार ते ब्रेकर, ब्रेकरची अलीकडची बाजू ते पलीकडची, ब्रेकर ते प्लग, असं पुढे सरका. प्रत्येक तुकड्यावर हरवलेले व्होल्ट मीटर स्वतः सांगतो. अंदाज करावा लागत नाही.

लाल बाजू झाली की काळी बाजूही तशीच तपासा. परतीच्या तारेकडे फारसं कुणी पाहत नाही, पण प्रवाह तिच्यातूनही तेवढाच जातो आणि दोषही तेवढेच असतात.

दोष बहुतेकदा सांध्यातच सापडतो. बॅटरीवर फुलपाखरी नट असतील तर ते बोटांनी आवळलेले असतात आणि लाटांच्या हिसक्यांनी सैल होतात. त्याजागी स्टेनलेसचे नायलॉक नट पान्याने आवळून बसवा. स्वस्त मोटरसोबत येणाऱ्या दातेरी चिमट्यांच्या क्लिप पहिल्याच दिवशी कापून टाकाव्यात, इतका माझा त्यांच्यावर राग आहे. दोन-चार दातांच्या टोकांवरून ५० अँपिअर कसे जाणार? टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर तारा काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा. जोडणी आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. आधी लावू नका. थिंबल पक्कडने चेपून चालत नाही. तारेच्या मापाच्या क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबून घ्या आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, म्हणजे ओल तंतूंमध्ये शिरणार नाही. तारेचं टोक सोलल्यावर तांबं काळं किंवा हिरवं दिसलं तर चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. फूटभर मागे जाऊनही काळंच असेल, तर ती तार टाकून द्या.

तारेची जाडी हा वेगळा विषय आहे, आणि इथे आपल्याकडे घरगुती वायरिंगच्या सवयी नडतात. बॅटरी मागे, मोटर पुढे, मधलं अंतर ५ मीटर. म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तार. ४ स्क्वेअर एमएमची तार वापरली तर ५० अँपिअरला सुमारे २.२ व्होल्ट तारेतच जिरतात. ६ ची वापरली तर दीड व्होल्टच्या आसपास. १६ ची वापरली तर अर्ध्या व्होल्टपेक्षा किंचित जास्त. सगळे सांधे आरशासारखे चमकत असले तरी पातळ तारेची ही तूट कमी होत नाही. बॅटरी मोटरजवळ आणता येत असेल तर तोही उत्तम उपाय. विकत घेताना तार तांब्याचीच आहे ना, हे कापलेल्या टोकावर नख किंवा पातं घासून पाहा. आत पांढरा धातू दिसला तर ते वरून तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम आहे आणि वरचे सगळे आकडे त्याला दीडपटीहून जास्त पडतात. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारही आतून रुपेरी दिसते, पण घासल्यावर तिचं तांबं उघडं पडतं. पाण्यावर तीच सर्वांत जास्त टिकते.

मोटर सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं चालते, बंद पडते आणि थोड्या वेळाने पुन्हा चालते, अशी तक्रार असेल तर ब्रेकरकडे वळा. बहुतेक ५५ पौंडी मोटरींना ६० अँपिअरचा ब्रेकर लागतो, आणि तो लाल तारेवर, बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. उष्णतेवर चालणारा ब्रेकर मे महिन्याच्या उन्हात, काळ्या पेटीत आधीच तापलेला असतो आणि छापलेल्या आकड्याच्या आधीच पडतो. त्याचा सांधा सैल असला तर ती उष्णताही त्यात भरते. ब्रेकरच्या दोन टोकांवर भाराखाली ०.२ व्होल्टहून जास्त तूट दिसली तर तो बदला. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी इथे लावू नका. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसी तशी विझत नाही आणि एमसीबी आतच जळू शकतो. डीसीसाठी बनवलेलाच घ्या, त्यावर धन-ऋण खुणा असतील तर त्या पाळा. वारंवार पडणारा ब्रेकर काढून तार सरळ जोडून घेणं म्हणजे लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीत, पाण्याच्या मध्यावर, आगीला बोलावणं आहे. हे कुणी सुचवलं तर ऐकू नका.

दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केले असतील तर प्रत्येक बॅटरी भाराखाली वेगवेगळी मोजा. एक ११.८ वर आणि दुसरी १०.६ वर दिसली, तर बेरीज २२.४ पाहून काही कळलं नसतं. मधली जोडतार सगळ्यात आखूड म्हणून सगळ्यात दुर्लक्षित असते, तीही मोजा. जुनी आणि नवी बॅटरी जोडीला लावू नका. जुनी आधी रिकामी होते आणि नवीचा प्रवाह तिच्यातून ढकलला जातो.

लिथियमवाल्यांसाठी नियम थोडे वेगळे आहेत. तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट राहतं, म्हणून व्होल्टवरून किती उरली हे सांगता येत नाही. मोजायचंच असेल तर अँपिअर-तास मोजणारा शंट मीटर लावा. मोटर पूर्ण जोमात असताना एकाएकी सगळं शांत झालं आणि टर्मिनलवर मीटर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दाखवू लागला, तर घाबरू नका. आतल्या संरक्षक सर्किटने, बीएमएसने, वाट तोडलेली असते. मोटर बंद करून थोडं थांबलं किंवा चार्जर लावला की बहुधा ती परत जागी होते. पुन्हा पुन्हा तेच होत असेल तर बीएमएसची अखंड प्रवाहाची मर्यादा पाहा. ५० अँपिअरचा बीएमएस आणि ५० अँपिअरची मोटर ही जोडी काठावरची आहे. १०० चा घ्या.

एवढं सगळं करून मोटरच्या प्लगवर भाराखाली चांगले साडेअकरा व्होल्ट पोचत असतील, तरच मोटरकडे बोट दाखवा. आता प्रवाह मोजायचा. बाजारातले बरेच टाँग टेस्टर फक्त एसी अँपिअर मोजतात. विकत घेताना डीसी अँपिअरची खूण आहे ना, पाहून घ्या. व्होल्ट पुरेसे आणि प्रवाह नेहमीपेक्षा बराच जास्त असेल तर पंख्याला काहीतरी अडवतं आहे. पंखा काढा. त्याच्या मागे दांड्याभोवती गळाची नायलॉन दोरी गुंडाळलेली सापडते, जलपर्णीच्या मुळ्या सापडतात. दोरी नुसती अडवत नाही, ती सीलमध्ये शिरून त्याला कापते, मग आत पाणी जातं. पंखा काढून पाहणं ही सवय म्हणूनच ठेवा, तक्रार नसतानाही. मोटरचा आवाज येतो पण होडी हलत नाही आणि प्रवाहही अगदी कमी, तर पंख्यातून जाणारी छोटी पिन तुटली आहे. तिची एक जादा जोडी बॅटरीच्या पेटीत ठेवा.

व्होल्ट पुरेसे, पिन शाबूत, तरी प्रवाह कमी आणि मोटर मधूनच अडखळते, टिचकी मारल्यावर चालते, असं असेल तर कार्बन झिजले आहेत. आणि पाच वेगांच्या जुन्या पद्धतीच्या मोटरीत फक्त पाचवा वेग चालतो, बाकीचे मेले, तर बॅटरी-तारा अजिबात तपासू नका. खालच्या वेगांसाठी प्रवाह ज्या कॉइलमधून जातो ती जळली आहे. पाचव्या वेगाला ती लागतच नाही. वेग सलग कमी-जास्त होणाऱ्या मोटरीत त्या जागी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. लाल-काळी उलटी जोडली तर तो एका क्षणात जाऊ शकतो, म्हणून दोन्ही थिंबल वेगवेगळ्या आकाराची ठेवा किंवा एकाच बाजूने बसणारा प्लग वापरा. मोटरच्या डोक्यावरचे बॅटरी दाखवणारे दिवे मोटर थांबलेली असतानाच खरं सांगतात. चालू असताना ते पाहून परत फिरायचं की नाही हे ठरवू नका.

खाडीत मोटर वापरणाऱ्यांनी दर वेळी ती गोड्या पाण्याने धुवावी आणि प्लगच्या पिना तपासाव्यात. गोड्या पाण्यासाठी बनवलेली मोटर मिठात फार दिवस काढत नाही. आणि वल्ही. मोटर कितीही नवी असो, वल्ह्यांशिवाय आणि अंगावर जॅकेट घातल्याशिवाय काठ सोडायचा नाही.

पावसाळ्यात होडी वर काढली की बॅटरीही काढून घरी आणा. शिशाची बॅटरी अर्धवट रिकामी पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि पावसानंतर ती पूर्ण भरल्यासारखी दिसूनही भाराखाली बसते. तिला पूर्ण चार्ज करून ठेवा, महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा, पाण्याच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर भरा. लिथियमचं उलट आहे: ती साधारण निम्म्यावर ठेवून, तारा सोडवून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवायची, आणि तिला शिशाच्या बॅटरीचा सल्फेट काढणारा चार्जर कधीच लावायचा नाही.